निकालानंतरची साक्ष

आयुष्यात सिनेमे पुष्कळ पाहिले. गारेगार थेटरात पाहिले, टुरिंग टॉकीजच्या तंबूत धूळ खात पाहिले. पण माझ्या मनात कायमचा जाऊन बसला तो सिनेमा मी उमरग्यात, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, ज्वारीच्या रिकाम्या गोदामात पाहिला. सिनेमा इंग्रजी होता आणि मला त्यातलं एक वाक्य धड कळत नव्हतं. त्यात तो भलत्याच क्रमानं दाखवला गेला. तरी त्या दुपारी मी जे पाहिलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

शेजारी आई बसली होती. आम्ही आलो होतो तिच्या कोर्टाच्या तारखेला. तेव्हा आधी ती केस सांगते.

मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. म्हणजे सरकारी कागदावर सरून. आमच्याकडं दुष्काळ जातो तो चपला दारातच ठेवून जातो, कारण त्याला परत यायचंच असतं. त्या वर्षांत गावोगाव सोसायट्या निघाल्या. आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, तिथं दूध सोसायटी निघाली. योजनेतून आमच्या वस्तीत काही म्हशी आल्या, त्यातली एक आमची. वडील मी लहान असतानाच गेले होते. आईनं त्या म्हशीवर घर चालवलं आणि मला उमरग्याच्या कॉलेजात घातलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, गावानं सवय बदलली नाही.

त्या सवयीचा नमुना म्हणजे सोसायटीतले दोन कॅन. एक मोठा, लखलखीत, तो गावाचा. कोपऱ्यात एक ठेंगणा, पोचे पडलेला, तो आमच्या वस्तीचा. आमचं दूध त्या ठेंगण्यातच ओतायचं. गंमत अशी की दोन्ही कॅन एकाच टेम्पोतून उमरग्याला जायचे आणि तिथल्या शीतकेंद्रात एकाच टाकीत रिकामे व्हायचे. म्हणजे विटाळ गावच्या वेशीपुरता. डांबरी सडक लागली की तो आपोआप फिटायचा!

एका सकाळी ठेंगण्या कॅनचं बूड गळायला लागलं. आईनं सेक्रेटरीला विचारलं, कशात ओतू? तो फॅट बघण्यात गुंतलेला, वर बघेना. तिनं पुन्हा विचारलं. मागं रांग खोळंबली होती. मोठ्या कॅनचं झाकण उघडं होतं, त्यात तिनं आपली चरवी रिकामी केली. सेक्रेटरी उठला आणि सगळ्यांदेखत त्यानं तो भरलेला कॅन लाथेनं आडवा केला. वैरणीची काडी मिळत नव्हती अशा सालात अख्ख्या गावचं दूध मातीत गेलं. वर तो आईला जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही. ते ज्यांना ऐकायचंय त्यांनी अजूनही एखाद्या गावात पहाटे जाऊन रांगेत उभं राहावं.

मी सुट्टीला घरी होते. माझं डोकं तापायला जाळ लागत नाही. आईला घेऊन मी थेट पोलीस ठाण्यात गेले. शिवाशिवीविरुद्ध कायदा आहे असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. केस उभी राहिली. ठेंगणा कॅन बुडाला डाग लावून परत कोपऱ्यात आला. रांगेतल्या दोघा जणांनी साक्ष द्यायचं कबूल केलं.

आईला हवं होतं ते अगदी थोडं. सेक्रेटरीला शिक्षा होवो न होवो, तिला त्याचं काही नव्हतं. आपलं दूध मोठ्या कॅनमध्ये जावं, बस्स. पण त्यासाठी तिला कोर्टात त्या माणसाच्या तोंडावर बोलावं लागणार होतं, आणि भीती तिथंच होती. आई म्हशीशी भांडायची, माझ्याशी भांडायची, वाळवणावर येणाऱ्या चिमण्यांना शिव्यांची लाखोली वाहायची. पण गावातला मोठा माणूस समोर आला की तिची नजर पायाच्या अंगठ्यावर जायची. आवाज घशातच बसायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सवय होती. सरकारी वकिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझी आई बोलली तर केस आहे. मान खाली घालून उभी राहिली तर काही नाही."

त्या दिवशी सकाळी आम्ही कोर्टात गेलो आणि पुढची तारीख पडली. आईनं पदराला बांधून आणलेली भाकरी आम्ही कोर्टाच्या आवारात लिंबाखाली खाल्ली. गावाची एस.टी. चारला होती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मला आठवलं, आमच्या इंग्रजीच्या सरांचा आज सिनेमा आहे.

हे सर म्हणजे नादिष्ट माणूस. पगारातनं पदरमोड करून ते पुण्याहून सिनेमाचे डबे मागवायचे. डबे एस.टी.च्या टपावरून यायचे, कधी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, कधी वांग्यांच्या पाट्यांखाली. कॉलेजात अंधारी खोली नव्हती. एका सोसायटीचं गोदाम दुष्काळामुळं मोकळं पडलं होतं, ते सरांनी मागून घेतलं. तिकीट नव्हतं, कुणीही यावं.

"आई, सिनेमाला चल. सावलीत बसशील," मी म्हणाले.

"नको गं बाई. मागं त्या सरकारी गाडीनं दावला हुता सिनेमा, दोन पोरांवर थांबा म्हणून. मला एकच पोरगी, अन् मलाच पुढं बसवलं!"

पण उन्हानं तिची समजूत घातली.

आत ज्वारीचा आणि किडीच्या पावडरीचा वास कोंडला होता. झरोक्यांना बारदान लावलेलं. समोरच्या भिंतीला चुना दिलेला, तोच पडदा. पत्र्याला जागोजाग भोकं होती, त्यातून उन्हाच्या काड्या खाली उतरत होत्या. पोरं, मास्तर, बाजाराला आलेली माणसं, दोन-तीन ट्रकवाले, असे सगळे फरशीवर बसले होते. यंत्र चालवायला कॉलेजचे शिपाईमामा. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दारात पाण्याची घागर ठेवली होती. धूळ उडत होती आणि घागरीला झाकण नव्हतं. मामांनी सिनेमाच्या एका डब्याचं झाकण काढून घागरीवर ठेवलं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, किती काळजी घेणारा माणूस.

सर भिंतीपाशी उभे राहून मराठीत सांगणार होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की अमेरिकेच्या एका भागातली ही गोष्ट आहे. काळे आणि गोरे. मालकाचं कापसाचं गोदाम जळालं, आळ आला काळ्या गड्यावर. त्याचा खटला.

"गोदाम जळालं?" मागून एका ट्रकवाल्यानं विचारलं, आणि सगळ्यांनी एकदा वर पत्र्याकडं बघून घेतलं.

पहिलं रीळ सुरू झालं. कोर्टाची मोठी खोली. न्यायाधीश असा खालून दाखवलेला, की चावडीच्या ओट्यावर बसलेल्या पाटलाकडं आपण अंगणातून बघतोय असं वाटावं. गोरी माणसं बाकांवर ऐसपैस, पायापासून डोक्यापर्यंत दिसत होती. काळी माणसं मागं भिंतीला लागून उभी. कॅमेरा त्या भिंतीवरून सरकत गेला, पण तो इतक्या खालून गेला की त्यांची डोकी वरच्या कडेला कापली जात होती. नुसते हात, हातातल्या टोप्या, पोटाशी धरलेलं एखादं लेकरू. आरोपीची तर पाठच. मानेवर घामाची एक धार, ती हळूहळू कॉलरमध्ये उतरते. मी वाट बघत राहिले की आता चेहरा दाखवतील, आता दाखवतील. अख्ख्या रिळात एकाही काळ्या माणसाचा चेहरा पुरता दाखवला नाही.

मला कोणी हे शिकवलं नव्हतं. पण आईच्या श्वासावरून मला कळलं की तिनंही तेच पाहिलं आहे.

"ह्येंची तोंडं कुठं गेली?" ती कुजबुजली.

सर म्हणाले, "तिकडं निकाल बारा पंच देतात. ते बघा, बाजूच्या दोन ओळींत बसलेत."

एक म्हातारा पटकन बोलला, "समदेच एका आळीचे दिसत्यात की."

गोदाम हसलं. आई हसली नाही. ती म्हणाली, "तिथं निदान रंग तरी दिसतो गं. आपल्यात समदी एकाच रंगाची, तरी कशी बिनचूक वळखत्यात!"

रीळ संपलं. दार उघडलं, उजेडानं सगळ्यांचे डोळे मिटले. लोक घागरीपाशी पाणी प्यायले. मामांनी झाकण उचललं, पुसलं आणि परत डब्यावर ठेवलं. डब्यांवरचे आकडे झाकणांवरच लिहिलेले होते, पुढचे दोन्ही डबे तेव्हा उघडेच होते, आणि झाकण ठेवलं गेलं भलत्याच डब्यावर. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दार लागलं. दुसरं म्हणून जे रीळ लागलं त्यात पंच उठून उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाचं तोंड पडदाभर मोठं झालं. नुसतं तोंड, पातळ ओठ. ते दोनदा हललं. सर गडबडले, घुटमळले, मग म्हणाले, "दोषी. दोषी ठरवलंय त्याला."

आणि आता तरी आरोपी दाखवतील की नाही? नाही दाखवला. कॅमेरा गेला कारकुनाच्या टाकावर, मग एका गोऱ्या बाईच्या पंख्यावर, मग जांभई देणाऱ्या पोरावर. छताच्या पंख्याचा आवाज मोठा मोठा होत गेला. माणसं उठली, टोप्या घातल्या, जेवायला निघाली. एका माणसाचा जन्म बुडाला होता आणि खोलीत बाकड्यांची नुसती सरकवासरकव. मला संताप आला. त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, ज्याला मी त्या वयात नाव देऊ शकले नसते. ज्यानं हे असं दाखवायचं ठरवलं त्याला आमच्या गावातली ती सकाळ कशी ठाऊक? दूध मातीत गेल्यावर आमच्याकडंही असंच झालं होतं. रांग मोडली, माणसं बिड्या पेटवून घरी गेली.

सर मामांपाशी जाऊन काहीतरी बोलत होते. पण लोक स्वस्थ होते. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. अटक झाली, पंच बसले, निकाल लागला. आमच्या अनुभवाला ते धरूनच होतं.

मग तिसरं रीळ लागलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात एक काळी बाई उभी होती. लोकांचे कपडे धुणारी, आईच्याच वयाची. पहिल्यांदा ती उंचावरून दिसली, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून दिसावी तशी, बुटकी आणि लांब. वकील विचारतोय, त्याचा नुसता आवाज. तो दिसतच नाही, पडद्यावर फक्त तिचे हात. साबणानं सुरकुतलेली बोटं कठड्याची कड चाचपताहेत. मग ती बोलायला लागली आणि कॅमेरा खाली उतरायला लागला. इतका सावकाश की पहिल्यांदा कळलंच नाही. पंख्याचा आवाज बंद झाला. खोकणं, कुजबुज, सगळं बंद. राहिला तिचा एकटीचा आवाज. कॅमेरा तिच्या खांद्याला आला, हनुवटीला आला आणि डोळ्यांच्या बरोबरीला येऊन थांबला. पूर्ण चेहरा. सिनेमाभर दिसलेला पहिला काळा चेहरा, आणि तो इतका उजळ, इतका बारीकसारीक रेघेनिशी, की कानाजवळचा पांढरा केस न् केस दिसत होता. मागचे गोरे लोक मात्र पार धुऊन निघाल्यासारखे पांढुरके, ओळखू न येणारे.

बाईनं आधी वकिलाकडं पाहिलं असावं. मग खाली पाहिलं. मग मान वर केली आणि सरळ आमच्याकडं पाहिलं. गोदामात बसलेल्या आमच्याकडं. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा एक कवडसा सरकत सरकत तिच्या गालावर येऊन पडला होता. ती बोलत होती आणि सर सांगायचे थांबले होते. कुणी म्हणालं नाही की सर सांगा. मी आईकडं पाहिलं. ती गुडघ्यांवर उठून बसली होती, तोंड उघडं, आणि तिची नजर त्या बाईच्या नजरेला लागलेली. मी जन्मात आईला कुणाकडं असं बघताना पाहिलं नव्हतं.

बाई बोलून थांबली, बघत राहिली, आणि रीळ संपलं. भिंतीवर नुसता पांढरा उजेड उरला. मामाही यंत्र बंद करायचं विसरले. फिरकीवर फितीचं टोक फटफट वाजत राहिलं.

"चल, गाडी जाईल," आई म्हणाली, आणि आम्ही पळत सुटलो.

एस.टी. सुटल्यावर ती म्हणाली, "बघितलंस का त्या बाईला? निकाल लागला हुता. समदे उठून जेवायला गेलते. त्या गड्याचं काय उरलं न्हवतं. तरी ती आली अन् बोलली."

मलाही तसंच वाटलं होतं.

"आता बोलून काय मिळनार, असं न्हाय म्हनली. कुनी का ऐकंना. खरं हाय ते सांगून टाकलं." थोड्या वेळानं पुन्हा, "अन् मान बघितलीस का कशी वर हुती?"

सोमवारी कॉलेजात गेले तर सर वर्गात माफी मागत होते. रिळांची अदलाबदल झाली, साक्षीचं रीळ आधी होतं, निकालाचं शेवटी. सिनेमा संपल्यावर त्यांनी गोदामात तसं सांगितलंही होतं, पण आम्ही तेव्हा एस.टी.मागं धावत होतो. मग ते बोलायला लागले आणि तो तास मी विसरणं शक्य नाही. फोटो घेताना उजेड कुणाच्या चेहऱ्याच्या मापानं ठेवायचा, हे आधी ठरवावं लागतं, असं ते म्हणाले. गोऱ्या चेहऱ्याच्या मापानं ठेवला तर शेजारचा काळा चेहरा अंधारात बुडतो. सिनेमा काढणाऱ्यांनी सिनेमाभर मुद्दाम तसंच ठेवलं. फक्त त्या धुणेवालीच्या साक्षीला उजेड तिच्या मापानं ठेवला, म्हणून मागचे गोरे विरघळून गेले. "तेव्हा पडद्यावर कोण आहे एवढंच बघू नका," सर म्हणाले. "दिवा कुणासाठी लावलाय तेही बघा."

मी थक्क होऊन बसले. अन्याय झाला असं कुणी एकदाही म्हणालं नव्हतं. नुसता दिवा हलवला होता, कॅमेरा हातभर खाली आणला होता, पंख्याचा आवाज काढून घेतला होता. आणि उमरग्याच्या गोदामात माझी आई गुडघ्यांवर उठून बसली होती.

घरी गेल्यावर मी तिला खरं सांगितलं. साक्ष आधी, निकाल मागून. त्या बाईला निकाल ठाऊकच नव्हता. आई म्हशीला पेंड चारत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकलेली हाइस, तू सांगतीस तसंच असंल. पन तिच्या डोळ्यांत म्या बघितलंय. तिला समदं म्हाईत हुतं."

पुढं फार वर्षांनी, शहरात, मी तो सिनेमा सरळ क्रमानं पाहिला. चांगलाच आहे. पण त्यात ती बाई बोलते तेव्हा आपल्याला आशा वाटते, आणि निकालानं ती मोडते. माणसं हळहळत उठतात आणि घरी जातात. मी पाहिलेल्या सिनेमात आशा आधीच मोडून पडली होती, आणि त्यानंतर एक बाई मान वर करून उभी होती. मामांच्या घागरीचे माझ्यावर उपकार आहेत.

पुढच्या तारखेला आईचा पुकारा झाला. पिंजरा कोपऱ्यात, अंधारा. उजेड येणारी खिडकी साहेबांच्या टेबलाकडं. आई उभी राहिली, पण तिची नजर खाली होती. तिनं पहिलं उत्तर दिलं ते टंकलेखकालाही ऐकू गेलं नाही. न्यायाधीश भला माणूस होता. म्हणाला, "बाई, जरा पुढं या. दिसत नाही, ऐकू येत नाही."

ती एक पाऊल पुढं आली. खिडकीचं ऊन तिच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे मिचकावले आणि मान वर केली. सेक्रेटरी समोरच्या बाकावर होता. त्याच्याकडं बघून तिनं सांगितलं. गळणारं बूड, दोनदा विचारलेलं, लाथ, आणि मी लिहिणार नाही म्हणाले तो शब्दही, जसाच्या तसा, भर कोर्टात. समोरच्या वकिलानं विचारलं, कॅन पाय घसरून सांडला असेल की नाही? आई म्हणाली, "साहेब, पाय घसरला तर मानूस पडतो. हितं मानूस हुबा व्हता अन् कॅन पडला." टंकलेखक हसला. न्यायाधीशांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं, पण त्यांच्या मिशीतही काहीतरी हललं.

मला रडू फुटलं. वकिलांनी सांगितलं होतं ना, आई बोलली तर केस आहे! पण त्यानंतर ते दोघे साक्षीदार आले. एक म्हणाला, मी तंबाखू मळत होतो, बघितलं नाही. दुसरा म्हणाला, आवाज आला, पण काय झालं ठाऊक नाही. त्या सकाळी दोघंही तिच्यामागं चरव्या घेऊन उभे होते. निकाल लागला, पुराव्याअभावी निर्दोष. न्यायाधीशांनी तो खाली बघत वाचला. माणसं उठली, बाकडी सरकली. डोक्यावर पंखा फिरत होता.

बाहेर लिंबाखाली मी वाटेल ते बोलत सुटले होते. आईनं पदरातली भाकरी सोडली. "खा," म्हणाली. "निकाल लागला. आता बोलायचं."

मला वाटलं, धक्क्यानं काहीतरी बोलतेय. पण पंधरवड्यात दूध सोसायटीची वार्षिक सभा होती, शाळेच्या पटांगणात. आई सभासद होती, पण बायका सभेला जात नसत, आणि आमच्या वस्तीतले पुरुष गेले तरी कडेला उभे राहत. आई धुतलेलं लुगडं नेसून गेली आणि पुढं बसली. अध्यक्षांनी कार्यक्रम उरकत आणला आणि सवयीनं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का.

आई उभी राहिली.

"बाई, त्यो विषय कोर्टात संपलाय," अध्यक्ष म्हणाले. "निकाल लागलाय."

"व्हय, निकाल लागलाय," आई म्हणाली. "आता साक्ष ऐका."

आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. एकेकाकडं बघत, एकावरून दुसऱ्यावर सावकाश सरकत. ज्याच्यावर नजर येई तो पागोट्याचा शेमला चाचपी किंवा खाली माती उकरी. आयुष्यभर आम्ही खाली बघितलं होतं. त्या दुपारी गाव खाली बघत होतं आणि माझी आई नव्हती बघत. मी शाळेच्या खांबाला टेकले होते. कॅनपर्यंत आल्यावर तिनं असं काही केलं जे कोर्टात तिला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या आधी त्या कॅनमध्ये कुणी दूध ओतलं, ते ती सांगायला लागली. त्या घरचं हुतं, ह्या घरचं हुतं. थोरल्या बाईंच्या नव्या व्यालेल्या म्हशीचं पिवळसर दूध सुदिक हुतं, म्या बघितलं. समद्यांचं दूध मातीत गेलं. उमरग्याला एकाच टाकीत जातंय ते दूध, हितं का येगळं?

पटांगणाच्या भिंतीपलीकडं बायका ऐकत उभ्या होत्या. थोरल्या बाई म्हणजे गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या आई, त्यांच्या शब्दाखाली घर चालायचं. भिंतीवरून त्यांचा आवाज आला, "काय रं सेक्रेटरी? माझं बी दूध व्हतं त्यात? तू तर म्हनलास, टेंपोत सांडलं!"

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटला.

"मग कुनाच्या हुकमानं सांडलंस?"

त्यांच्यामागून आणखी दोघी बोलल्या. मग पुरुषांतूनही कोणीतरी. ज्यानं कोर्टात तंबाखू मळली होती तो हळूच म्हणाला, "लाथच मारली व्हती." सभेचा नुसता गलका झाला. गावाला न्याय सुचला नव्हता, आपलं दूध आठवलं होतं, एवढं मला कळत होतं. पण कशानं का होईना, मान तर वर झाली! अध्यक्षांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. ठराव झाला नाही, माफी कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर सोसायटीत गेले. ठेंगणा कॅन भिंतीशी पालथा घातलेला होता. तो कुणी पालथा घातला ते आम्हाला कधीच कळलं नाही. सेक्रेटरीनं मान वर न करता आईचं दूध मोजलं, क्षणभर थांबला, आणि मोठ्या कॅनमध्ये ओतलं. आई हलली नाही. तिथंच उभी राहून त्याच्याकडं बघत राहिली.

"झालं की बाई. जावा आता," तो म्हणाला.

"बगू द्या," आई म्हणाली.

तेवढ्यात रांगेतली मागची, गावातली बाई पुढं झाली आणि आईच्या दुधावर तिनं आपली चरवी ओतली.